ड्रमसेटवाल्यानं सिंफनीच्या मागच्या रांगेत कसं शिरावं

ड्रमसेट विकायची घाई करू नका, हे आधी सांगून टाकतो. कोल्हापूर-सांगलीकडच्या पोरांचे मला जे मेसेज येतात त्यांत एक प्रश्न ठरलेला असतो: "दादा, इतकी वर्षं ऑर्केस्ट्रात ऑक्टोपॅड वाजवतोय, आता सिंफनीत जायचंय. टिंपनी किती महिन्यांत येते?" सिंफनी म्हणजे पाश्चात्य शास्त्रीय संगीत वाजवणारा मोठा ऑर्केस्ट्रा, आणि टिंपनी म्हणजे त्यातले सुरात लावायचे मोठे नगारे. सेट विकून टिंपनीच्या मागं लागायची त्यांची तयारी असते. टिंपनी घरात मावत नाही, शेजारी वाजवू देत नाहीत आणि किंमत ऐकली की घरचे बोलायचे थांबतात, हे झालं एक. दुसरं म्हणजे मी सध्या ज्या देशात राहतो तिथले चांगले तालवादक ड्रमसेटही वाजवतात आणि सिंफनीतही बसतात. एकासाठी दुसरं सोडत नाहीत.

मी माल्टात असतो. मूळचा कोल्हापूरचा. शाळेच्या बँडपथकात साइड ड्रम, मग गणपतीतले शो, मग लग्नाच्या सुपाऱ्या. इथं दिवसा हॉटेलच्या रिसेप्शनवर, संध्याकाळी गावच्या बँड क्लबात, आणि कुणाला माणूस कमी पडलाच तर ऑर्केस्ट्राच्या मागच्या रांगेत. खाली लिहिलंय ते इथल्या जुन्या वादकांच्या शेजारी उभं राहून, त्यांची बोलणी खाऊन जमा झालेलं आहे. क्रम मात्र माझा आहे, आणि तो क्लासवाल्यांना पटेलच असं नाही.

माल्टाचा माणूस दोन्ही का वाजवतो

देश केवढा, तर ३१६ चौरस किलोमीटर. मुंबईहून लहान. एवढ्याशा जागेत फक्त जॅझ किंवा फक्त टिंपनी वाजवून पोट भरणं अवघड, म्हणून वादकाला सगळीकडं हात घालावाच लागतो. पण नुसत्या गरजेनं हात तयार होत नाही. तो तयार होतो बँड क्लबात.

जवळजवळ प्रत्येक गावात एक बँड क्लब, पुष्कळ ठिकाणी दोन, आणि दोन असले की त्यांचं एकमेकांशी पिढ्यान्‌पिढ्यांचं वाकडं. राजधानी वालेट्टात ला व्हालेट आणि किंग्ज ओन असे दोन आहेत. क्लबात मुलांना वाद्य आणि स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेघांवरची पाश्चात्य स्वरलिपी, फुकट शिकवतात, आणि बदल्यात मूल पुढं फेस्टात वाजवतं. फेस्टा म्हणजे गावच्या संताचा उत्सव. मुख्य हंगाम उन्हाळ्याचा, १५ ऑगस्टला सांता मारिया हा त्याचा कळस. रस्त्यावर बँड, वरून कागदाचे कपटे, आकाशात दारूकाम. आपल्या ढोल-ताशावाल्याला तिथं घरच्यासारखं वाटतं. फरक एकच: इथं वाजवणाऱ्या प्रत्येकाच्या पुढं, वाद्याला चिमट्यानं अडकवलेला, नोटेशनचा एक छोटा कागद असतो.

क्लबात तयार झालेली ही पोरं रात्री कुठं वाजवायची? वालेट्टाच्या स्ट्रेट स्ट्रीटमध्ये. अरुंद गल्ली, दोन्ही बाजूंना बार आणि नाचघरं, गिऱ्हाईक ब्रिटिश नौदलाचे खलाशी. ३१ मार्च १९७९ ला ब्रिटिश फौजा गेल्या आणि गल्लीचा धंदाही बसला. पण तोवर तिथं माल्टाच्या वादकांच्या पिढ्या घडल्या. सिंफनीची गोष्टही नौदलापाशीच सुरू होते. ब्रिटिश भूमध्य ताफ्याच्या कमांडर-इन-चीफचा एक ऑर्केस्ट्रा होता. तो मोडला तेव्हा त्यातल्या वादकांना घेऊन एप्रिल १९६८ मध्ये मानोएल थिएटर ऑर्केस्ट्रा उभा राहिला. पहिले कंडक्टर जोसेफ सामुट. तोच आज माल्टा फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्रा. ज्या मानोएल थिएटरचं नाव त्याला होतं ते १७३१ साली बांधलेलं, लाकडी बॉक्सेसचं, इतकं लहान की मागच्या माणसानं झांज जरा जोरात आपटली तर पहिल्या रांगेतली म्हातारी मान वळवून बघते.

आणि मग चार्ल्स गॅट. इथं त्यांना सगळे 'सिटी' गॅट म्हणून ओळखतात. जॅझचे ड्रमर, आणि १९९० च्या सुमारास माल्टा जॅझ फेस्टिव्हल सुरू करणारे. जुलैच्या रात्री, वालेट्टाच्या तटबंदीखाली, बंदराच्या काठावर तो भरतो. ड्रमरला स्वतःच्या हातांपलीकडं बघता येतं, याचा पुरावा हवा असेल तर तो हा.

आपल्याकडं असं नव्हतं का? होतं. मुंबईच्या फिल्म रेकॉर्डिंगमधलं लॉर्ड घराणं आठवा: वडील कावस लॉर्ड, मुलं केर्सी आणि बुर्जोर. ड्रम्स, बोंगो, व्हायब्राफोन, ग्लॉकेनश्पील, सगळं एकाच घरात. आणि त्यांच्या पुढच्या-मागच्या खुर्च्यांवर गोव्याचे वादक, जे गावच्या चर्चच्या शाळेत लहानपणीच नोटेशन शिकून आलेले. म्हणजे माल्टाचा बँड क्लब आणि गोव्याची चर्चची शाळा यांनी एकच काम केलं: पोराला आधी वाचायला लावलं.

म्हणून आधी वाचन

आपण सगळे कानावर वाजवतो. गाणं दोनदा ऐकलं की ठेका हातात. सिंफनीत हे चालत नाही, कारण तुमच्या हातात ठेकाच नसतो. चाळीस मिनिटांच्या रचनेत तुमचे ठोके कधी पन्नास, कधी पाच. ड्व्होरझाकच्या नवव्या सिंफनीत, १८९३ ची, झांजेचा ठोका अख्ख्या रचनेत एक. चौथ्या मूव्हमेंटमध्ये, म्हणजे शेवटच्या भागात, आणि तोही धाडकन नाही, मध्यम आवाजाचा. पुष्कळ श्रोत्यांना तो ऐकूही येत नाही. पण चुकीच्या बारमध्ये, म्हणजे मात्रांच्या चुकीच्या घरात, पडला तर सगळ्यांना ऐकू येतो.

तर वाचनाची कसरत अशी करा. रोज एक पान साइड ड्रमचं, स्टिक हातात न घेता, तोंडानं. बोल आपलेच वापरा: चार भागांना त-क-दि-मि, तीन भागांना त-कि-ट. पाय जमिनीवर मात्रा धरतो, तोंड बोल म्हणतं. जिथं अडखळाल तिथं हातही अडखळणार, हे नक्की समजा.

मग रेस्ट, म्हणजे गप्प बसायच्या जागा, मोजायला शिका. ड्रमरला हे सगळ्यात जड जातं. पानावर एक जाड आडवी रेघ आणि वर ३७ असा आकडा: म्हणजे ३७ बार गप्प. मोजायचं असं: एक-दोन-तीन-चार, दोन-दोन-तीन-चार, तीन-दोन-तीन-चार. पहिला आकडा बारचा. दहा झाले की बोट मांडीवर दाबा. मोजून झालं तरी त्यावरच विसंबू नका. रचनेचं रेकॉर्डिंग घेऊन बसा आणि तुमच्या एंट्रीच्या आठ बार आधी काय वाजतं ते पानावर लिहून ठेवा: "ओबो एकटा", "सगळे थांबतात", "हॉर्न वर चढतात". मोजणी चुकली तरी हा खुणेचा दगड चुकत नाही.

स्टँड कुठं ठेवायचा हेही वाचनाचाच भाग. स्टँडची वरची कड कंडक्टरच्या छडीच्या जरा खाली दिसली पाहिजे, म्हणजे डोळा पानावरून छडीवर जाताना मान हलत नाही. पान उलटायची जागा आधी बघून ठेवा, कारण हातात झांजा असताना पान उलटायला तिसरा हात नाही.

साइड ड्रम: तुमचा रोल विसरा

सेटवर तुम्ही रोल वाजवता तो उघडा, डबल स्ट्रोकचा: दोन उजवे, दोन डावे, वेग वाढवत. मिलिटरी बँडलाही तोच लागतो. सिंफनीत बहुतेक वेळा लागतो तो बंद रोल, ज्यात प्रत्येक स्टिक कातड्यावर सोडल्यावर तीन-चार-पाच बारीक उसळ्या मारते आणि दोन हातांच्या उसळ्या एकमेकांवर चढून सलग आवाज होतो. कापड फाडल्याचा तो आवाज. त्यात ठोके मोजता आले तर रोल फसला.

तो बसवायचा तर एक हात घ्या. अंगठा आणि पहिल्या बोटाची पकड किंचित सैल, स्टिक वरून टाका, आणि उसळ्या किती लांबतात ते बघा. दाबलंत तर स्टिक गुदमरते, सोडलीत तर उसळ्या विरळ होतात. दोन्ही हातांच्या उसळ्यांची लांबी सारखी होईपर्यंत एकेक हातानंच. आपल्या उजव्या हाताला सेटची सवय असते, डावा मागं पडतो. म्हणून डाव्याला दुप्पट वेळ. मग दोन्ही हात, आणि मग जागा बदला: अगदी हळू आवाजाला रिमच्या जवळ, जोर वाढेल तसं मध्याकडं.

रुडिमेंट्स, म्हणजे ठोक्यांचे ठरलेले मूळ नमुने, मात्र फेकू नका. १९८४ मध्ये पर्कसिव्ह आर्ट्स सोसायटीनं ठरवलेली ४० ची यादी आहे. फ्लॅम, ड्रॅग, फोर-स्ट्रोक रफ एवढं स्वच्छ असलं तरी सिंफनीचं पुष्कळ काम भागतं. सेटवर फ्लॅम आपण जाड मारतो. इथं छोटा ठोका इतका खाली आणि इतका जवळ, की दोन ठोके आहेत हे जाणवावं पण मोजता येऊ नये.

आता रावेलचं बोलेरो, १९२८. ऑडिशनला हे येतंच. दोन बारचा एक तुकडा, तीन मात्रांचा, १६९ वेळा, पंधरा मिनिटांच्या आसपास. एका तुकड्यात २४ ठोके, म्हणजे एकूण चार हजारांवर. सुरुवात इतकी हळू की श्रोत्याला आधी वाटतं कुणीतरी काहीतरी चाचपतंय, शेवट इतका मोठा की दुसरा साइड ड्रम मदतीला येतो.

हात कसे लावायचे ते बघा. पहिला बार: एक, मग तीन, एक, मग तीन, मग एक, एक. दुसरा बार: एक, तीन, एक, तीन, तीन, तीन. एकाआड एक हात लावला (उ म्हणजे उजवा, डा म्हणजे डावा) तर पहिला बार उ, डाउडा, उ, डाउडा, उ, डा असा बसतो. दुसरा उ, डाउडा, उ, डाउडा, उडाउ, डाउडा. चोवीस समसंख्या, त्यामुळं पुढचा तुकडा पुन्हा उजव्यानंच सुरू होतो. हात उलटे पडायची भीती नाही. पण कान लावून ऐका: दुसऱ्या बारच्या शेवटी लागोपाठ दोन तीनच्या गटांत पहिला उजव्यानं सुरू होतो, दुसरा डाव्यानं. तिथंच आवाज बदलतो. पॅडवर तेवढी एक मात्रा तासभर घासली तरी वेळ वाया गेला असं समजू नका.

आणि रियाज करताना आवाज चढवू नका. सगळे तोच मोह करतात. पंधरा मिनिटं फक्त सुरुवातीच्या आवाजात, मेट्रोनोम ७२ वर, कुठंही न चढता वाजवून बघा. चढवणं सोपं आहे. न चढवता थांबणं हे काम.

साइड ड्रमच्या खालच्या कातड्याला टेकलेली तार हाही एक विषय. तुम्ही वाजवत नसताना तार खाली सोडायची, कारण पुढं हॉर्न वाजले की ती आपोआप थरथरते आणि सबंध हळू भागात तुमच्या ड्रममधून झुर्र ऐकू येतं. एंट्रीच्या आधी ती परत लावायची, तीही खटका न वाजवता: बोटानं लिव्हर धरून, सावकाश, शक्यतो पुढं काहीतरी मोठं वाजत असताना. पानावर "तार बंद", "तार चालू" लिहा. माझ्या शेजारी उभे राहणारे काका तर नाकाचं चित्र काढतात. का ते त्यांनाच माहीत, पण ते कधी विसरत नाहीत.

लय तुमची नाही

सेटवर बसलं की लय आपली. गायक पळाला तरी आपण धरून ठेवतो, हाय-हॅटवर पाय असतो, सगळे आपल्याकडं बघतात. सिंफनीत लय कंडक्टरची, आणि त्याच्या खाली व्हायोलिनच्या पहिल्या खुर्चीची. तुम्ही ती धरायची नाही, तिच्यात जाऊन पडायचं. सेटवाल्याला खरी अडचण इथं येते. हात सहा महिन्यांत वळतात, ही सवय मोडत नाही.

यात ऐकण्याचाही घोळ आहे. हिशेब करा. पहिल्या व्हायोलिनपासून तुम्ही १२ मीटर मागं आहात असं धरा. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे त्यांचा सूर तुमच्यापर्यंत यायला ३५ मिलिसेकंद. तो ऐकून तुम्ही ठोका दिलात, तर तुमचा आवाज तिथं परत पोचायला आणखी ३५. मिनिटाला १२० च्या लयीत एक सिक्स्टीन्थ नोट, म्हणजे पाव मात्रा, १२५ मिलिसेकंदांची. म्हणजे तुमच्या कानाला तुम्ही अगदी बरोबर, आणि पुढं बसलेल्याला तुम्ही निम्म्याहून जास्त नोट मागं. त्यामुळं कानापेक्षा डोळ्यावर वाजवायचं: छडी आणि पहिल्या व्हायोलिनचा गज. तुमच्या जागेवर तुम्हाला आपण किंचित पुढं आहोत असं वाटलं पाहिजे. हे पहिल्यांदा फार अंगावर येतं. रिहर्सलला फोन पुढच्या रांगेत ठेवून रेकॉर्ड करा आणि घरी ऐका, म्हणजे विश्वास बसेल.

प्रत्येक कंडक्टरचा ऑर्केस्ट्रा छडीच्या नेमका कुठं वाजतो हेही वेगळं असतं. काही ठिकाणी छडी खाली आल्यावर क्षणभरानं सूर येतो. पहिल्या रिहर्सलला पहिली पाच मिनिटं शहाणपणा न करता नुसतं ते बघा.

झांजा, ट्रँगल आणि बाकीची "सोपी" वाद्यं

नवीन माणसाला आधी हीच देतात, आणि तो इथंच फजित होतो.

झांजांची जोडी साधारण अठरा इंचांची, चामड्याच्या पट्ट्यांनी धरायची. बोटं पट्टीच्या आत खुपसायची नाहीत. पट्टी मुठीत आणि अंगठा वरून. दोन्ही कडा एकदम समोरासमोर आणल्या तर मधे हवा कोंडते आणि भप्प असा आवाज येऊन झांजा चिकटतात. म्हणून एक झांज तिरकी: खालची कड आधी, वरची लगेच, इतक्या कमी अंतरानं की कानाला एकच ठोका. आपल्याकडं टाळ वाजवलेत? तिथंही अनुभवी माणूस कडा सरळ आपटत नाही. ठोका झाला की झांजा उघड्या धरा, आणि जिथं नोट संपते तिथं छातीशी दाबून आवाज तोडा. नोट किती लांब ते पानावर लिहिलेलं असतं, पण लिहिलेलं पाळण्याऐवजी पितळी वाद्यं कुठं थांबतात ते बघणं जास्त उपयोगाचं.

ट्रँगल मासेमारीच्या बारीक दोऱ्यानं क्लिपला टांगायचा. जाड सुतळी आवाज खाते. दोऱ्याखाली आणखी एक सैल दोरा असू द्या, पहिला तुटला तर ट्रँगल फरशीवर पडणार नाही. हळू आवाजासाठी बारीक सळई, मोठ्यासाठी जाड. एकाच सळईनं सगळं वाजवणारा लगेच ओळखू येतो. डोळ्यांच्या उंचीला धरा म्हणजे कंडक्टरही दिसतो.

खंजिरीला, म्हणजे टँबुरिनला, अगदी हळू आणि वेगानं वाजवायचं असेल तर ती मांडीवर पालथी ठेवून दोन्ही हातांच्या बोटांनी कडेवर. मोठ्यानं आणि वेगानं हवं असेल तर एक पाय खुर्चीवर, गुडघा आणि मूठ यांच्यामधे खंजिरी. अंगठ्याचा रोल करण्यासाठी कडेला मेण चोळतात. रिम्स्की-कोर्साकोव्हच्या शेहेराझादेत साइड ड्रम आणि खंजिरी दोन्हींची परीक्षा आहे. ऑडिशनच्या यादीत ते बोलेरोच्या शेजारीच सापडेल.

टॅम-टॅम, म्हणजे टांगलेली धातूची थाळी, मोठा असेल तर थेट मारू नका. खऱ्या ठोक्याच्या आधी त्याला बोटांनी किंवा मऊ काठीनं, कुणाला ऐकू न येता, जागं करून ठेवा. थंड टॅम-टॅम उशिरा बोलतो. बेस ड्रमही तसाच आळशी. त्याला अगदी मध्यावर मारलं तर नुसता धप्प येतो. जरा बाजूला मारा, आणि गुडघा व डावा हात कातड्यापाशी तयार ठेवा, आवाज बंद करायला. माल्टात बेस ड्रमला कटूबा म्हणतात, आणि फेस्टात तो वाजवणाऱ्याचा मान मोठा असतो. तिथं जोरात मारलं की लोक खूश होतात. सोमवारी त्याच हातानं मोत्झार्टला बसायचं असतं.

टिंपनी

आता तो प्रश्न. टिंपनी किती महिन्यांत येते? हाताचं तंत्र साइड ड्रमवाल्याला लवकर येतं. कानाचं येत नाही.

नेहमीचा संच चार भांड्यांचा: ३२, २९, २६ आणि २३ इंच. बऱ्याच ठिकाणी मोठं डावीकडं असतं, जर्मन पद्धतीत उजवीकडं. परक्या ठिकाणी गेलात तर आधी विचारा. मारायची जागा कडेपासून चार बोटं आत. मधोमध मारलंत तर सूरच लागत नाही.

पेडलला, म्हणजे सूर वरखाली करणाऱ्या पायपट्टीला, हात लावायच्या आधी कातडं स्वतःशी जुळलेलं पाहिजे: प्रत्येक स्क्रूच्या समोर बोटानं टिचकी मारली तर एकच सूर. तबल्याची सोळा घरं जशी एकसारखी करतो तशीच ही मेहनत, आणि ज्यानं तबला नीट लावलाय त्याला टिंपनी जुळवणं इथल्या पोरांपेक्षा लवकर येतं, हे मी छातीठोकपणे सांगतो. मग खरी कसोटी: ऑर्केस्ट्रा एका पट्टीत जोरात वाजतोय, तुम्हाला वीस बारांत दोन भांडी दुसऱ्या सुरांवर न्यायचीत, आणि कुणाला ऐकू जाता कामा नये. खिशात ट्यूनिंग फोर्क ठेवा. त्यावरून ए (A) हा सूर मनात घ्या, हवा तो सूर तोंड मिटून गुणगुणा, कान कातड्याजवळ नेऊन हलकी टिचकी, आणि पेडल सरकवा. नेहमी खालून वर आणून थांबा. घरी याची तयारी टिंपनीशिवाय करता येते. रेडिओ लावा, गाणं चालू असताना वेगळ्या पट्टीतला एखादा सूर मनात धरून ठेवा, गाणं संपल्यावर फोर्कवर तपासा. सुरुवातीला बेकार जातं.

बीथोव्हेनच्या व्हायोलिन कॉन्चेर्टोची, १८०६ ची, सुरुवात एकट्या टिंपनीच्या हळू ठोक्यांनी होते. आधार द्यायला कुणी नाही. असल्या जागांसाठी एक सोय: ठोका देण्याआधी संपूर्ण बार मनात वाजवून घ्या, मग हात उचला.

इथल्या हवेचंही सांगतो. दक्षिणेकडून दमट वारा सुटला की खरं चामडं सैल पडतं आणि सूर उतरतो. प्लास्टिकचं कातडं दमटपणाला फारसं दाद देत नाही, पण स्टेजच्या दिव्यांनी तापलं की तेही सरकतं. मुंबईच्या पावसाळ्यात हेच. मध्यंतरानंतर सूर जागेवर आहेत असं गृहीत धरू नका.

पानावरची नावं

ही यादी पाठ करावीच लागते, दुसरा इलाज नाही. इटालियन पानावर ग्रान कासा म्हणजे बेस ड्रम, पियात्ती म्हणजे झांजा, तांबुरो म्हणजे साइड ड्रम, आणि तांबुरो बास्को म्हणजे खंजिरी. जर्मनमध्ये पाउकन टिंपनी, बेकन झांजा, क्लायनं ट्रोमल साइड ड्रम. फ्रेंचमध्ये केस क्लेर साइड ड्रम, आणि तँबाल म्हणजे टिंपनी. सेटला लावायचे लॅटिन टिंबालेस नव्हेत. जर्मन टिंपनीच्या पानावर एच लिहिलं असेल तर तो आपला बी, आणि बी लिहिलं असेल तर बी फ्लॅट. एवढ्या एका अक्षरावर अख्खी रिहर्सल थांबलेली मी पाहिली आहे.

सुरुवात कुठून करायची

महाराष्ट्रात राहूनच पहिली दोन-तीन वर्षं काढता येतात. ट्रिनिटी आणि एबीआरएसएम या ब्रिटिश संगीत परीक्षा मंडळांच्या तालवाद्यांच्या परीक्षा मुंबई-पुण्यात होतात. सर्टिफिकेटचं सोडा, पण त्यांच्या अभ्यासक्रमामुळं साइड ड्रम, टिंपनी आणि झायलोफोन तिन्ही हाताखालून जातात. झायलोफोन, तो लाकडी पट्ट्यांचा, टाळू नका. सेटवाले टाळतात, आणि मग ऑडिशनला गर्श्विनच्या पोर्गी अँड बेसची सुरुवात समोर आली की घाम फुटतो. मुंबईत एनसीपीए या कलाकेंद्रात २००६ पासून सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे. त्यांच्या कार्यक्रमाला जा, पण स्वस्तातल्या अशा जागेवर बसा जिथून मागची रांग दिसते, आणि सुरांऐवजी तालवादक रेस्टमध्ये काय करतात ते दोन तास बघा. कोण बसतो, कधी उठतो, ठोक्याच्या किती आधी काठी उचलतो. हे कुणी शिकवत नाही.

माल्टात यायचं म्हणत असाल तर स्वप्नं बेताची ठेवा. युरोपबाहेरच्या माणसाला परवाना नोकरीवर मिळतो, ड्रमवर नाही, आणि तो नोकरी देणाऱ्याशी बांधलेला असतो. दुसरीकडं पैसे घेऊन वाजवायच्या आधी नियम लेखी विचारून घ्या; तोंडी "चालतं" म्हणणारे पुष्कळ भेटतात. बँड क्लबात मात्र दार उघडं असतं. जा, साइड ड्रम वाजवता येतो म्हणा, आणि चालत वाजवायच्या मार्च धूनचा कागद पुढं आला की वाचून दाखवा. वाचता आलं की उरलेलं आपोआप होतं. फेस्टात कानात बोळे घाला. ते दारूकाम गंमत नाही.

ऑक्टोबरात गोझो बेटावर जाऊन या. व्हिक्टोरिया गावात रिपब्लिक स्ट्रीटवर ऑरोरा आणि अस्त्रा अशी दोन ऑपेरा थिएटरं हाकेच्या अंतरावर आहेत. एक लिओने बँडवाल्यांचं, दुसरं ला स्टेलाचं. दोघंही त्याच महिन्यात आपापला ऑपेरा करतात, वेर्दी नाहीतर पुच्चीनी, आणि एकमेकांना मागं टाकायला जीव काढतात. एवढ्याशा गावात. वर्षभर स्वयंसेवक राबतात त्यासाठी. ऑपेरात वादक स्टेजपुढच्या खड्ड्यात बसतात; तिथं तालवादकाला दिसत काहीच नाही, ऐकू मात्र सगळं येतं, आणि गायक कधी श्वास घेईल यावर तुमचा ठोका ठरतो. लग्नात गायिकेच्या मागं सेट वाजवलाय ना? ती सवय इथं कामाला येते. म्हणूनच म्हटलं, सेट विकू नका.

शेवटी पिशवी. साइड ड्रमच्या काठ्यांच्या दोन जोड्या, एक हलकी, एक जड. टिंपनीच्या काठ्या तीन प्रकारच्या: मऊ, मध्यम, कडक. ट्रँगलच्या सळया आणि जास्तीचा दोरा. ट्यूनिंग फोर्क. एक जाड टॉवेल, जो स्टँडवर पसरला की त्यावर काठी ठेवताना आवाज होत नाही. हे विसरलात तर बाकी सगळं नीट करूनही तुमच्याकडं माना वळतील. काळे बूट, रबरी तळाचे. आणि पेन्सिल, खोडरबरासकट. पेन नको: ऑर्केस्ट्राचे कागद पुष्कळदा भाड्यानं आणलेले असतात, कार्यक्रम झाला की खुणा पुसून परत करायचे असतात, आणि पुसायचं काम मागच्या रांगेतल्या नवीन माणसाच्या गळ्यात पडतं.